मागचंही चकाचक

माझ्या नातीला, नेत्राला, प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा पिक्चर बनवायचा होता. ठोकळ्यांची होडी जराशी सरकवायची, फोटो काढायचा, परत सरकवायची, असले उद्योग. कॅमेरा घ्यायला मी तिला अंधेरीला नेलं.

दुकानदार बोलला, "काका, हा घ्या. पुढचं खेळणं झकास, मागचं सगळं धुरकट."

मी बोललो, "धुरकट बघायला माझे डोळे आहेत की. मागचंही चकाचक दिसेल असा दे."

आता घरात भानगड अशी, की डॉक्टरने माझं तळलेलं बंद केलंय, तरी ओट्यावरच्या ताटातले तळलेले बोंबील कमी होतात. आमची बायको कमळ घरच्या बोक्यावर खार खाऊन. "आज एक जरी गेला ना, तर याला देवनारच्या कत्तलखान्यात सोडते. तिकडे मटण खा म्हणावं," असं बोलून ती मासळी विकायला गेली. नेत्रा स्वयंपाकघरातच होडी सरकवत, फोटो काढत बसली, मी ओट्यापाशी उभा राहिलो.

कमळ परत आली, तर ताट रिकामं. तिने बोक्याला सरळ गोणीत घातलं. नेत्रा रडकुंडीला आली. "थांब ना आजी, आधी माझा पिक्चर तरी बघ."

होडी मस्त चालली होती. मागे ओट्याखाली बोका गाढ झोपलेला, ओट्यावरचे बोंबील एकेक करून गायब होत होते, आणि बाजूला हाताची घडी घालून मी सभ्य माणसासारखा उभा होतो. फक्त गाल दर फोटोत फुगलेले.



कमळने बोक्याला गोणीतून बाहेर काढलं, आणि गोणी माझ्या अंगाला लावून बघितली.