निर्जळी

कुंदाच्या चेहऱ्यावर डॉक्टरांनी पेनानं काढलेल्या निळ्या रेषा तशाच होत्या, आणि नर्स तिसऱ्यांदा तिच्या दंडाचा पट्टा सोडत होती.

"दोनशेच्या वर आहे. आज हात लावता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्त थांबायचं नाही. तुम्हाला बीपी आहे का?"

कुंदानं मान खाली घालून हो म्हटलं. बीपी कळलं तर गाल ताणून घ्यायचं ऑपरेशन नाकारतील, म्हणून तिनं ते लपवलं होतं. तिच्या ब्युटी पार्लरसमोर दुसरं नवं पार्लर उघडल्यापासून तिची जुनी गिऱ्हाइकं तोंडावर बोलत होती, "ताई, तुमचेच गाल ओघळलेत, आमचे काय सावरणार?"

"सकाळची गोळी घेतलीत?"

"तुम्हीच म्हणालात ना, उपाशी या. हरतालिकेसारखं निर्जळी केलं मी, पाण्याचा थेंब नाही घेतला." तिनं डॉक्टरांचा हात घट्ट धरला. "पाया पडते, आजच उरका. हे तोंड घेऊन पार्लर कसं उघडू मी?"

"अहो, बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर चालते. आधी सांगितलं असतंत, तर मीच घ्यायला लावली असती."

दाराशी उभा असलेला तिचा नवरा पुढे आला. त्यानं मूठ उघडली. घामानं गोळीचा लगदा होऊन तळहाताला चिकटला होता.

"पहाटेपासून धरून बसलोय," तो म्हणाला. "तूच शपथ घातली होतीस, बीपीचं नाव काढायचं नाही."