घरी नेलेली पुस्तकं

गाब्रोवोच्या वाचनालयात जादूच्या कादंबऱ्यांचे आम्ही सगळे वेडे जमलो होतो. आवडता लेखक सांगायची पाळी रुम्यानाताईंवर आली.

"माझा व्होयवोदोव. किती का ड्रॅगन येईनात, त्याच्या पुस्तकात कुणाचं पोर मरत नाही."

मला हसू आवरेना. "अहो ताई, त्याच्या बारांपैकी नऊ पुस्तकांत मरतं! वाचलीत तरी का?"

"न वाचायला काय झालं? आमची लेक गेल्यापासून आमचे हे, बोगोमिलच, इथून आणून द्यायचे, अगदी स्वतः जाईपर्यंत. त्यांना मात्र असल्या पुस्तकांचा भारी तिटकारा!"

ग्रंथपाल नेव्हेनाने कोपऱ्यातल्या खिडकीकडे बोट दाखवलं.

"ताई, प्रत्येक पुस्तक ते आधी त्या खिडकीपाशी बसून शेवटपर्यंत वाचायचे. घरी नेली ती तीनच."