फुटक्या काचेवरची फिल्म

नवऱ्याच्या सीटी स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी लतिकाला विचारलं, "पुरानी फिल्म है? फॅटी लिव्हर में गाँठ का धोखा भी होता है, दिखती है पर होती नहीं." होती. आठ वर्षांपूर्वी त्याच्या मुतखड्यासाठी काढलेल्या सीटीची, पण लतिकानेच रेल्वे क्वार्टरच्या न्हाणीघराच्या खिडकीत फुटक्या काचेवर चिकटवलेली. घरी येताच ती स्टुलावर चढून नखांनी टेप सोलू लागली. "अगं, बाहेरून सगळं दिसेल!" स्टूल धरून नवरा म्हणाला. "दिसू दे. तुम्ही आंघोळीला असलात म्हणजे झालं." संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी साबणाचे शिंतोडे पुसून फिल्म उजेडावर धरली. डाग तेव्हाही होता, एवढाच. "गाँठ होती तो बढ़ती. बाकी लिव्हर में चर्बी है, यहाँ जमी ही नहीं. बस यही हिस्सा ठीक है." निशातगंजला घरी परतताना रिक्षात नवरा हसला, "चला, खिडकीला नवी फिल्म मिळाली." दोन्ही फिल्म्स छातीशी धरून लतिका म्हणाली, "काच आणा."