काल्याचा पहिला घास

“बुवा, आज नुसतं गोकुळ नको. लढाई लावा,” मांडवाच्या खांबाला टेकत सरपंच आप्पासो म्हणाले.

हरिबाबुवा उंब्रजकर फेटा बांधत होते. सप्त्याचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन, वर दह्याची हंडी टांगलेली.

“आवं आप्पासो, काल्याला लढाई कोन लावतं? काल्याला किष्णाच्या गाई आन गवळ्यांच्या शिदोऱ्या.”

“पन पखवाजावर कोन बसलंय बघा की! आपला मानसिंग. बांगलादेशाच्या लढाईवरनं आलाय. त्येचा मान नको व्हय ठेवायला? आन पोरांचं रगत बी तापंल. सोमवारी साताऱ्याला भरती हाय.”

बुवांनी वळून पाहिलं. मानसिंग मान खाली घालून पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापत होता. पलटणीत जायच्या आधी बुवांना साथ त्याचीच असायची. परवा रजेवर आला, तो ट्रंक ओसरीवर टाकून आधी देवळात पाया पडून गेला. त्याचा मान म्हटल्यावर बुवांना नाही म्हणवेना.

कीर्तन रंगलं. गोकुळ अर्ध्यावर ठेवून बुवांनी कुरुक्षेत्राची वाट धरली. त्यांची लढाई पंचक्रोशीत गाजलेली. शंख वाजले, रथ धावले, बाण सुटले. “आन मंग काय झालं?” म्हणत बुवांनी हात उंच केला. इथं पखवाजानं तोफेसारखं धडाडायचं.

पखवाज वाजलाच नाही. टाळ दोन-चार ठोके तसेच पुढं गेले आणि थांबले.

मानसिंगाचे दोन्ही हात पुडीच्या वीतभर वर अडकून राहिले होते.

“वाजीव की रं गड्या!” मागून कोंडीबा ओरडला. “का तिकडं बंदूक बी अशीच धरली व्हतीस?”

मांडव हसला. बायकांत मानसिंगाची आई रंगूबाई बसली होती. तिनं पदर तोंडाशी नेला. मानसिंग चिडला नाही, हलला नाही.

बुवांनी वर केलेला हात हळूच खाली आणला.

“हसू नका रं. लढाई म्या आजवर लय गायली. बघून आलेला हितं ह्यो एकलाच हाय, आन त्यो गप हाय. ह्यो गडी आपल्यासाठी तिथं उभा ऱ्हायला, ह्येच्या पायावर मी डोकं ठेवतो. पन लढाईला माज्या तोंडात आता जागा न्हाई.”

“आवं बुवा, पन...” आप्पासो उठले.

“बसा आप्पासो. गाई पांगल्यात, तेवढ्या वळवू द्या.”

बुवा गोकुळात परतले. गवळ्यांनी शिदोऱ्या सोडल्या. कुणाची शिळी भाकरी, कुणाचं लोणचं, सगळं एकात एक. पखवाज बोलू लागला, आधी बोटांनी, मग पंजानं.

हंडी फुटली. लाह्या-दह्याचा काला परातीत आला. पहिला घास बुवांचा. तो झाल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही, ही रीत. मानसिंग मात्र उठून आडाकडं निघाला. “कणीक लागलीया,” एवढंच म्हणाला.

पोहरा वर आला, रिता झाला, परत खाली गेला. कणीक केव्हाच निघाली असणार. रहाट कुरकुरतच राहिला. बुवा परातीशी उभे.

“घ्या की बुवा, माणसं खोळंबल्यात,” आप्पासो म्हणाले.

“खोळंबू द्या.”

मानसिंग आला. जेवायच्या आधी पोर आईला दाखवतं, तसे दोन्ही तळवे त्यानं बुवांपुढं धरले.

“निघालं न्हवं, बुवा?”

बुवांनी तळव्यांकडं पाहिलंच नाही. त्या ओल्या ओंजळीत त्यांनी काला घातला आणि आपला पहिला घास तिथूनच उचलला.