पाण्यातला माणूस

"हा तुकडा घ्यायचा," कॉइल म्हणाला, "आणि त्याच्या मागेपुढे लढाईचे खरे बातमीपट. जोड दिसता कामा नये."

संकलनाच्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर एक सैनिक छातीभर पाण्यातून चालला होता. पाठमोरा. खांद्यावर जखमी सोबती, आजूबाजूला गोळ्यांनी उडणारं पाणी. मग त्याच सैनिकाचा चेहरा, जवळून. ओला, दमलेला, जबडा आवळलेला. वॉरन टॅल्बर्टचा चेहरा. अख्खा कॅलिफोर्निया तो ओळखत होता आणि येत्या नोव्हेंबरात टॅल्बर्ट गव्हर्नरपदासाठी उभा होता. त्याचा प्रचार कॉइल सांभाळत होता.

व्हर्ना लिंडने यंत्र थांबवलं. टॅल्बर्टचे अकरा सिनेमे तिच्या कात्रीखालून गेले होते. हाही त्यातलाच.

"पाण्यात वॉरन नाहीये," ती म्हणाली. "तो लायल हॅकेट. त्याचा डुप्लिकेट."

"आणि चेहरा?"

"चेहरा स्टुडिओत घेतलेला. दोन्ही मी जोडले."

"मग आणखी एकदा जोडा की, मॅडम. लोकांना आवडतो तो प्रसंग."

"सिनेमा म्हणून दाखवा ना. खरोखर मेलेल्या पोरांच्या मध्ये कशाला घुसवताय? वॉरन महायुद्धाची सगळी वर्षं याच स्टुडिओच्या आवारात होता. दुपारी जेवायला घरी जायचा."

कॉइल काही बोलणार तेवढ्यात दार उघडून टॅल्बर्टच आत आला. व्हर्नाच्या गालाला त्याने गाल लावला. पावडरचा वास आला.

"व्हर्ना! अजून तीच खुर्ची? काय बघताय?"

"तुलाच. बस, तू न बघितलेलंही दाखवते."

तिने फळीवरचं दुसरं रीळ उचललं. याच सिनेमातून कापून टाकलेल्या तुकड्यांचं. सकाळी कॉइलचा निरोप आल्याबरोबर तिने ते गोदामातून मागवून घेतलं होतं.

पडद्यावर रंगवलेलं आभाळ आलं. त्याच्यापुढे स्टुलावर टॅल्बर्ट, सोळा वर्षांनी तरुण, पायांवर घोंगडी. रंगभूषाकार किटलीतून त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होता. पाण्याची वाफ निघत होती. आवाज नव्हता, पण टॅल्बर्टचे ओठ वाचता येत होते. गार झालंय हे, दुसरं आणा.

मग नदी. जानेवारीतली कर्न नदी. दोन माणसं लायलला दोरीने काठावर ओढत होती. त्याचे ओठ काळे पडले होते. कमरेखालचा भाग दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा मागून फरफटत होता.

व्हर्ना पडद्याकडे बघतच नव्हती. ती टॅल्बर्टकडे बघत होती. तो शरमेल, भडकेल, निदान हसून उडवून लावेल, असं तिला वाटलं होतं.

टॅल्बर्टचे डोळे भरून आले.

"काय गार होतं गं ते पाणी," तो म्हणाला. "थंडीत अजून गुडघे ठणकतात माझे."

हा अभिनय आहे का, ते तिने नीट निरखून पाहिलं. त्याच्या अभिनयाचा कण न् कण तिला माहीत होता. हा अभिनय नव्हता.

"वॉरन, दोरीने ओढतायत तो लायल आहे."

"लायल?" टॅल्बर्टने तिच्या खांद्यावर मायेने थोपटलं. "हो, हो. चांगला पोरगा. वाचवला त्याला मी."

"हेच!" कॉइल उठून उभाच राहिला. "गुरुवारी टीव्हीवर अगदी हेच बोलायचं, साहेब. अश्शाच डोळ्यांनी."

"मी जोडणार नाही," व्हर्ना म्हणाली.

"नका जोडू. खालच्या मजल्यावर तिघं संकलक बसलेत, अर्ध्या तासाचं काम आहे." कॉइलने दोन्ही रिळं काखेत मारली. तिने दुसऱ्या रिळावर हात ठेवला, तसा तो म्हणाला, "स्टुडिओचा माल आहे, मॅडम. तुमचा नाही."

ते खरं होतं. तिने हात काढून घेतला.

दारातून टॅल्बर्ट वळला. "रागावू नकोस. मी तर सगळ्यांना सांगतो, मला व्हर्नाने घडवलं. जे मी नाही, ते तू नेमकं कापून टाकायचीस."

दार लागलं. टेबलावर तिची कात्री पडली होती. लायलचा खांदा किंचित वळतो, नेमक्या त्याच क्षणी तिने काप घेतला होता आणि पुढे वॉरनचा चेहरा लावला होता. त्या जोडावर ती खूश होती तेव्हा. दिग्दर्शकाने फुलं पाठवली होती. टाकाऊ फितींच्या टोपलीवर ती ओणवी झाली. बराच वेळ उमासे आले. पडलं ते नुसतं कडू पाणी.

तोंड पुसून तिने ऑक्सनार्डला लायलच्या घरी फोन लावला.

"लायल, गुरुवारी ते तुझी नदी त्याच्या नावावर दाखवणारेत. खरी लढाई म्हणून. मी पेपरवाल्यांना बोलावते. तू फक्त येऊन सांग, तो मी होतो म्हणून."

"त्या नदीपासून बुटाची नाडी बायको बांधते माझी," लायल म्हणाला. "ते दाखवायला येऊ?"

"हो. तेच दाखवायला ये."

"नाही जमायचं," लायल म्हणाला.

"लायल, तू मत कुणाला देणारेस?"

"त्यालाच."

"लायल!"

"चार वेळा बघितला मी तो पिक्चर. बघताना मलासुद्धा पाण्यात तोच वाटतो." तो हसला. "पाठीला कुणी मत देतं का, व्हर्ना?"