पाट्या

संध्याकाळी सुगत घरी आला की मी विचारायचे, "आज ऑफिसात काय केलंस?" त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "काय करणार, पाट्या टाकल्या." मी चिडायचे. एवढं शिकून गाझियाबादला नोकरीला आला आणि कामात जीव म्हणून नाही.

इथेच वाढलेल्या आमच्या श्रावस्तीला वाटायचं, पप्पा दारावर लावायच्या नावाच्या पाट्या बनवतात. परवा त्याने तिला जवळ बसवून समजावलं.

"अगं, पाटी म्हणजे माती वाहायचं घमेलं. इथे हिंदीत 'तसला' म्हणतात ना, तेच. रस्त्याच्या कामावर मजूर दिवसभर पाट्या टाकायचे, म्हणून कंटाळवाण्या कामाला तसं म्हणायचं. माझे आजोबा खरंच टाकायचे."

"और आप?"

"मी आपलं म्हणतो नुसतं." तळहात मिटून घेत तो हसला.

आज दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी स्पीकरवर घेतला.

"सुगत भैया के घर से? मैं साइट से बोल रहा हूँ. दीवाली से हमारे साथ ही मज़दूरी कर रहे थे. सीढ़ी से गिर गए हैं, जल्दी आ जाइए."

"गिरे कैसे?" मी विचारलं.

"सिर पर तसला था, भाभीजी."

फोन बंद झाला.



"मम्मी," शेजारी उभी असलेली श्रावस्ती हळूच म्हणाली, "तसला म्हणजे पाटी."