गप बसा, पाइप बोलतोय

"साहेब म्हणतात पाण्याची लाइन ठणठणीत आहे, मग गल्लीतल्या अकरा पोरांना कावीळ कशी झाली?" मी ओरडले. माझी धाकटी रेणू सरकारी दवाखान्यात पिवळी होऊन पडली होती.

पाणीखात्याचे दस्तगीरचाचा लोखंडी कांब घेऊन सायकलवरून एकटेच आले होते. साहेब कशाला येतील? शिव्या चाचांनीच खाल्ल्या. मग म्हणाले, "ताई, नळाला पाणी अर्धाच तास आहे. पाइप कुठे फुटलाय ते कांबीला कान लावून ऐकावं लागतं. तुम्ही गप बसाल, तर तो बोलेल."

मी गर्रकन वळले. "तोंडं मिटा गं! टीव्ही बंद करा!" आमची गल्ली जन्मात पहिल्यांदा मुकी झाली.

चाचा कांब टेकवत, कान लावत सरकले आणि गटारापाशी बसले. त्यांनी मलाही ऐकवलं. गटाराखाली पाणी फुसफुसत होतं. "नळ गेला की याच भोकातून घाण आत ओढली जाते," ते म्हणाले.

"मग खणा!"

"साहेबांच्या सहीशिवाय मला खणता येत नाही," असं म्हणत त्यांनी सायकलवरचा टिकाव काढून माझ्या पायाशी ठेवला.

पहिला घाव मी घातला. दुसऱ्यासाठी मागे बायका पदर खोचून उभ्या होत्या.